टाका शिजू द्या

३ मार्च, सोमवार

ही डायरी सरलाने दिली. विमा कंपनीची फुकटातली आहे आणि दोन महिने आधीच उलटून गेलेत, तरी दिली. म्हणाली, "दिवसभर टीव्हीशी भांडता, त्यापेक्षा यात लिहा. टीव्हीला जरा आराम." मी म्हटलं, लिहायला काही घडायला तर पाहिजे! रिटायर होऊन अकरा महिने झाले. सकाळी दूध आणायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीच्या बाकावर बसून कर्नलसाहेबांचं गुडघेपुराण ऐकायचं. यात लिहिण्यासारखं काय, कपाळ?

तरी नोंद म्हणून लिहितो. बाळ खांबेटे, वय बासष्ट. फरिदाबादला गाड्यांचे सांगाडे जोडणाऱ्या फॅक्टरीत अडतीस वर्षं स्पॉट वेल्डिंग केलं, शेवटची बारा वर्षं फोरमन. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, तांब्याच्या दोन टोकांत दाबून धरायचे, करंट सोडायचा. मधला ठिपका वितळतो आणि थिजतो. झाला टाका. पोरांना माझा एकच मंत्र असायचा, "टांका पकने दो." टाका शिजू द्या. घाई केलीत की कच्चा राहतो. मग रोबोट आले. त्यांना मंत्र लागत नाही. मला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ चार मिनिटं मागे पडतं.

५ मार्च, बुधवार

आमच्या मागच्या खोलीत स्वानंदी राहते. परभणीची पोर, दोन वर्षं झाली, इथे पीएचडी करते. मला वाटायचं, कॉम्प्युटरचं काहीतरी असेल. आज जेवताना तिने पर्समधून जोडलेल्या पत्र्याचा फाटका तुकडा काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. "काका, हा टाका बघा ना. सारखा फाटतोय."

घास हातातच राहिला. ही पोर स्पॉट वेल्डिंग करते आणि मला पत्ता नाही! तुकडा उलटसुलट करून पाहिला. टाका शाबूत होता, त्याच्या भोवतीने पत्रा गोल फाटला होता. म्हटलं, "अगं, हा तर पास! पत्रा फाटला, टाका नाही. रडतेस कशाला?"

"पण किती कमी जोरात फाटला! पत्रा दुप्पट मजबूत आहे, काका. आणि जोड साध्या पत्र्याएवढाच."

मग तिने सगळं सांगितलं. पत्रा साधाच असतो. तो खाचांच्या साच्यात दाबून वाकडा करायचा, मग सपाट करायचा, फिरवून पुन्हा वाकडा, पुन्हा सपाट. असं केलं की लोखंडाचे आतले दाणे चुरडून अगदी बारीक होतात आणि पत्रा दुप्पट मजबूत होतो. वजन तेवढंच. मी म्हटलं, म्हणजे मार खाऊन मजबूत झालेला. सरला आतून म्हणाली, "माझ्यासारखाच की!"

असा पत्रा जोडता आला तर गाडी हलकी होईल, असं पोरीचं स्वप्न आहे. पण तो जोडच धरत नाही. त्यात तिचा साचा तडकला. नवा करायला वेळ नाही. चौदा पत्रे उरलेत, म्हणजे सात जोड. तीस एप्रिलला प्रबंध द्यायचा आहे. जोड ओढून पाहिल्यावर आठशे किलोच्या वर टिकला नाही, तर तिच्या गाईडबाई तो सगळा भागच काढून टाकणार. पोरीची दोन वर्षं पाण्यात.

"ने गं यांना लॅबमध्ये," सरला म्हणाली. "शुक्रवारी रिकामेच आहेत."

मी म्हटलं, विचार करून सांगतो. माळ्यावरून फॅक्टरीचे बूट काढायला गेलो, तर ते पॉलिश करून दारातच ठेवलेले. योगायोग म्हणायचा.

७ मार्च, शुक्रवार

मेट्रोत उभं राहून गेलो. गळ्यात डबा. बऱ्याच दिवसांनी सकाळच्या गर्दीत धक्के खाल्ले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

मशीन बरं आहे, पण ठेवलंय कसं! तांब्याची टोकं दाबली जाऊन पसरलेली. लॅबमधल्या हरिदासला म्हटलं, "भाई, ये टिप है कि पकौड़ा?" कानस घेऊन दोन्ही टोकं घडवली. तासभर गेला. हरिदास शेजारी उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "अंकल, रोज आओगे क्या?"

गाईडबाई, इंदुमती मॅडम, येऊन गेल्या. बारीक चणीच्या, इंग्रजी भरभर. माझ्याशी हिंदीत बोलल्या. आठशे किलो पाहिजेच म्हणाल्या, हटणार नाहीत.

स्वानंदीने मायक्रोस्कोपखाली तिचे दाणे दाखवले. खरंच बारीक, दळलेल्या पिठासारखे. म्हणाली, "काका, याला फक्त एक गोष्ट सोसत नाही. उष्णता. जरा जास्त तापला की दाणे फुगतात आणि खाल्लेला सगळा मार वाया." मी म्हटलं, ते बघू. आधी टाका नीट शिजला पाहिजे.

११ मार्च, मंगळवार

पहिला जोड. माझ्या मंत्राप्रमाणे करंट बेताचा, वेळ भरपूर. टाका असा देखणा आला की हरिदासने फोटो काढला. ओढायच्या मशीनवर लावला. पाचशे नव्वदला फाटला.

घरी आलो तर सरलाने दारातच विचारलं, "झाले का आठशे?" हिला आठशेचं कुणी सांगितलं? त्या दिवशी तर ही आत होती. पोळ्या लाटताना स्वानंदी बोलली असेल.

१२ मार्च, बुधवार

मशीनच फालतू आहे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. कर्नलसाहेबांनी मला हिरवा केला. पुरणपोळ्या चार खाल्ल्या. स्वानंदी खेळायला आली नाही, खोलीत आलेख बघत बसली होती. तिला गुलाल लावायला गेलो तर डोळे आधीच लाल. मला पोळीही गोड लागेना. म्हणजे लागली, पण तेवढी नाही.

१८ मार्च, मंगळवार

दुसरा जोड. आणखी शिजवला. पाचशे साठ.

वेळ वाढवला आणि जोर कमी झाला. अडतीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मेट्रो यमुनेवरून जाताना पोर म्हणाली, "काका, तुम्ही नाही आलात तरी चालेल. उगाच तुम्हाला त्रास." मी तिच्यावर खेकसलो. आता वाईट वाटतंय.

पण हरणारा मी नव्हे! उरलेल्या दहा पत्र्यांवर दाबतानाचं तेल आहे. पुसलं तरी ओशट लागतं. सगळा घोळ तेलाचा आहे. खात्री आहे माझी.

२० मार्च, गुरुवार

आज झक्कास काम केलं. स्वानंदी क्लास घ्यायला गेली होती, जाताना म्हणाली, "काका, पत्रे साफ करून ठेवाल?" साफ करायचं औषध संपलेलं, स्टोअर बंद. म्हणून काय खांबेटे अडतात? फॅक्टरीत मरम्मतीच्या खात्यात आम्ही काय करायचो? पत्रा ओशट असला की गॅसची ज्योत फिरवायची, तेल जळून जातं, वरून गोणपाट मारायचं. पाच मिनिटांत पत्रा नव्या नवरीसारखा. तेच केलं. सहा पत्रे झाले आणि सिलिंडर संपला. पण झाले ते काय झाले! तेलाचा थेंब नाही, वर मोरपिसासारखी निळी झाक. उद्या पोर बघेल तेव्हा खूश होईल. उरलेले चार उद्या करतो.

आज जेवण चांगलं गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

पानिपत झालं.

दरवर्षी संक्रांतीला आम्ही पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जातो, तिथल्या खांबापाशी उभे राहतो, हळहळतो. यापुढे एवढ्या लांब जायची गरज नाही. माझं लॅबमध्येच झालं.

स्वानंदीने निळे पत्रे पाहिले. स्टुलावर बसली. मग इतक्या हळू विचारलं, "काका, तापवले?" तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. उष्णता सोसत नाही, असं तिने मला सांगितलं होतं. मी ते इथे, याच डायरीत, माझ्या हाताने लिहून ठेवलंय. आत्ता मागे जाऊन वाचलं. सात मार्च.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "फॅक्टरीत आम्ही असंच करतो. पत्र्यातच दम नसेल." असं म्हणालो मी. तिच्या तोंडावर. आणि डबा न खाता निघून आलो.

२२ मार्च, शनिवार

सरलाला सगळं सांगितलं. वाटलं, ही माझी बाजू घेईल. कसलं काय. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "उन्मेषचा स्वेटर आठवतो?"

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा मुलगा उन्मेष तेव्हा सहा वर्षांचा. हिने महिनाभर खपून त्याला लोकरीचा स्वेटर विणला होता. मी कौतुकाने धुवायला घेतला, उकळत्या पाण्यात. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. "तेव्हाही हेच म्हणाला होतात," सरला म्हणाली. "लोकरच खराब, म्हणे."

होतीच खराब! करोल बागेतल्या त्या दुकानदाराने फसवलं होतं. पण आज मी वाद घातला नाही. शेंगा सोलायला घेतल्या.

चार पत्रे उरलेत. दोन जोड. सातातले दोन फाटले आणि तीन जोडांचे पत्रे मी जाळले.

२४ मार्च, सोमवार

सकाळी स्वानंदीच्या दारावर टकटक केली. म्हटलं, "पोरी, माझं चुकलं. पत्र्याचं नाही, माझं." वाक्य साधंच आहे, पण अडतीस वर्षांत फॅक्टरीत एकदाही म्हणालो नव्हतो.

ती म्हणाली, "काका, चहा घेतलात का? चला मग, उशीर होतोय." बस्स. एवढंच. कोणाच्या पोटची पोर आहे ही!

लॅबमध्ये तिने जळका पत्रा कापला, घासला, मायक्रोस्कोपखाली ठेवला. परवाचं पीठ कुठे गेलं? साबुदाणा! टपोरे फुगलेले दाणे. मग तिने फाटलेल्या जोडाच्या टाक्याभोवतीची जागा दाखवली. तिथेही साबुदाणा. अगदी तस्सा.

मी खुर्चीतून उठलो. मी गॅसच्या ज्योतीने जे केलं, तेच मशीन टाक्याच्या भोवती करत होतं. मी टाका शिजवत होतो आणि भोवतीचा पत्रा मेणासारखा मऊ करत होतो. जितका शिजवावा तितका मऊ. म्हणून तर दुसरा जोड पहिल्यापेक्षा दुबळा! स्वानंदी म्हणाली, "हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगायलेय, काका." हो, पण सांगणं वेगळं आणि स्वतः जाळून बघणं वेगळं.

आता प्रश्न असा की न शिजवता टाका घालायचा कसा.

३० मार्च, रविवार

पाडवा. बाल्कनीत गुढी उभी केली. शेजारच्या शर्मांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, लोटा उलटा का आहे. दरवर्षीप्रमाणे सांगितलं.

लिहायचं ते वेगळंच आहे. सरला वरणाला फोडणी देत होती आणि मी कडुलिंब चघळत तिथे उभा. तेल कडकडीत. मोहरी टाकली, तडतडली, हिंग, लगेच वरणावर ओतली आणि वर झाकण दाबून धरलं. सगळा खेळ दहा सेकंदांचा. मी म्हटलं, जरा थांबायचं की. ती म्हणाली, "शिजवत बसलं की करपते हो. फोडणी आहे ती, खिचडी नाही."

मी तिथेच ओरडलो, "स्वानंदीऽऽ!"

वेळ निम्म्याहून कमी करायचा. करंट चढा. आणि करंट बंद झाला तरी तांब्याची टोकं उचलायची नाहीत, तशीच दाबून धरायची! टोकांच्या आत गार पाणी फिरतंच. उष्णता पत्र्यात पसरायच्या आत ते ओढून घेईल. फॅक्टरीत दाबून धरायला वेळ नसायचा, पुढची गाडी अंगावर यायची. इथे कोण येतंय अंगावर?

श्रीखंड खायचं राहिलं. सरलाने अजिबात कटकट केली नाही, उलट हसत होती. सणाच्या दिवशी ही इतकी खूश का, कळलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

साध्या पत्र्यांवर पन्नास टाके मारले. कान परत जागे झाले. चांगल्या टाक्याचा आवाज दबका असतो, चपलेखाली शेंग फुटावी तसा. करंट जरा जास्त झाला की चर्र आणि ठिणग्या. हरिदासही आता डोळे मिटून ओळखतो. "अंकल, ये वाला कच्चा," म्हणाला. खरंच कच्चा होता. पाठीवर थाप दिली त्याच्या.

४ एप्रिल, शुक्रवार

खरा पत्रा. उरलेल्या दोनांतला पहिला जोड. पायाखालचं बटण दाबलं. टाका पडला, पण चर्र झालं, ठिणगी उडाली. सातशे दहा.

सातशे दहा! आजवरचा सगळ्यांत जास्त. पण आठशे नाही. स्वानंदी हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. ठिणगी का उडाली, ते मला घरी येताना मेट्रोत समजलं. हा पत्रा साच्यातून निघालेला, हलकासा लाटदार. हाताला लागत नाही एवढा, पण कडक. दोन पत्रे एकमेकांना नीट चिकटत नाहीत, मधे फट राहते. साध्या पत्र्याचा दाब याला पुरत नाही. आधी जोरात आवळायचं, क्षणभर थांबायचं, मग करंट.

एकच जोड उरलाय. चुकलो तर पोरीचे कष्ट गेले. सोमवारी करू म्हणाली. मी म्हटलं, मंगळवारी. सोमवारी पुन्हा साध्या पत्र्यांवर सराव. या वेळी मला काही येतं, असं धरून चालायचं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

लिहिताना हात थांबत नाहीये.

इंदुमती मॅडम मुद्दाम आल्या होत्या. मी स्वानंदीला म्हटलं, "बटण तू दाब. जोड तुझा आहे." ती म्हणाली, "नाही काका, पाय तुमचा, आकडे माझे." तिने आकडे लावले. दाब वाढवलेला. मी टोकं पुन्हा घासली, पत्रे पुसले (औषधाने! हरिदासने बाटली माझ्या हातात देताना दात काढले). दाबलं. टोकं आवळली. थांबलो. करंट. टप्प. ठिणगी नाही, चर्र नाही. दाबून धरलं, धरलं, धरलं. सोडलं.

मग ओढायचं मशीन. आकडा चढायला लागला. पाचशे. सहाशे. सातशे दहाला मी डोळे मिटले. हरिदास मोठ्याने मोजायला लागला, "सात सौ अस्सी... आठ सौ..." आठशेला स्वानंदीने माझं मनगट पकडलं. आठशे तीस. आठशे पन्नास. आठशे बहात्तरला खाडकन फाटला!

स्वानंदीने किंकाळी मारली. बाजूच्या लॅबमधली मुलं पळत आली, त्यांना वाटलं शॉक बसला. मी हरिदासला उचललं. माझी कंबर आत्ता बोलतेय, पण उचललं. मॅडम काचेआडून आकडा तीनदा वाचून आल्या आणि म्हणाल्या, "खांबेटे जी, सरला जी ने बिल्कुल ठीक कहा था।" मी विचारलं, सरला तुम्हाला कधी भेटली? त्या म्हणाल्या, चहा घेऊ या. भेटली असेल कुठेतरी हळदीकुंकवात.

मग म्हणाल्या, जूनपासून वर्कशॉपमध्ये नवी मुलं येणार आहेत, आठवड्यातून दोन दिवस शिकवायला याल का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. घरी येऊन सरलाला सांगितलं तर ती म्हणाली, "डबा नवा आणलाय, तीन कप्प्यांचा." कधी आणलास? "मागच्या महिन्यात." बायकांचं गणित मला कधी कळलंच नाही.

३० एप्रिल, बुधवार

स्वानंदीने प्रबंध दिला. जोडाचा भाग सगळा आत आहे, एक पानही काढलं नाही. मी जाळलेल्या पत्र्याचा फोटोही आहे, साबुदाण्यासकट. मी म्हटलं, अगं, हा कशाला? म्हणाली, "हाच तर पुरावा आहे, काका."

एक जळका पत्रा मी मागून घेतला.

२ जून, सोमवार

शिकवण्याचा पहिला दिवस. अकरा मुलं, त्यात चार मुली. रात्री भाषण लिहून ठेवलं होतं. अडतीस वर्षांचा अनुभव, टाका शिजू द्या, वगैरे. चष्मा लावला, कागद काढला आणि परत खिशात घातला. पिशवीतून निळा पत्रा काढून टेबलावर ठेवला.

म्हटलं, "ये मैंने जलाया था."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, क्यों जलाया?"

मी म्हटलं, "क्योंकि मुझे सब आता था."

आधी कुणाला हसावं की नाही कळेना. मग हरिदास मागून खो खो हसला, आणि मग सगळेच. त्यानंतर दोन तास असं शिकवलं की डबा खायची आठवण राहिली नाही.

घरी येऊन सरलाला सगळं सांगितलं. तीही हसली. आणि तिचा मूड चांगला आहे, हे बघून तेही बोलून टाकलं. म्हटलं, "सरला, लोकर चांगली होती. स्वेटर मीच आटवला."

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो स्वेटर होता, लाल, एवढासा, बाहुलीच्या मापाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. सत्तावीस वर्षं जपून ठेवला होता बाईने. माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "याच दिवसासाठी ठेवला होता."